टेकचंदची झूल

सालेकसा स्टेशनावर उतरून जंगलाच्या कडेनं बैलगाडी धरली, की दोन नाले ओलांडल्यावर कोसमटोला येई. बहुतेक घरं पोवारांची, भोवती धानाच्या शेतांच्या बांध्या, गावामागं पाण्याची लहानशी बोडी आणि तिच्या काठच्या पाळीवर कोसमाची दोन जुनी झाडं. परगावचा कुणी टेकचंदचं घर विचारू लागला, तर गावातली माणसं आधी हसत आणि मग सांगत, "ज्या घरी बाप रांधते, थे घर."

टेकचंदनं चूल काही हौसेनं धरली नव्हती. मानमोडी तापाच्या साथीत गावातली घरंच्या घरं आडवी झाली, त्यात त्याची बायको सावित्रीबाई गेली. मागं राहिली आठ वर्षांची गिरजा आणि तिच्या पदराला धरून चालणारा लहानगा धनलाल. टेकचंदची बहीण अनुसयाबाई धावून आली. तिनं काही दिवस घर सांभाळलं, पण तिचाही संसार तिकडं खोळंबला होता. जाता जाता तिनं भावाला दुसरं लग्न कर म्हणून सांगितलं. मुलगीसुद्धा पाहून ठेवली होती. टेकचंदनं सगळं ऐकून घेतलं, बहिणीला गाडीत बसवून दिलं आणि घरी येऊन चूल पेटवली. त्या संध्याकाळचा भात खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. गिरजानं मधला मधला उकरून भावाला भरवला. बापानं खालची खरवड आपल्या ताटात ओढली आणि रोजचंच जेवण असल्यासारखी खाऊन टाकली.

दुसऱ्या लग्नाचं त्यानं पुढं कधी मनावर घेतलं नाही. कुणी विषय काढला तर "पाहू" म्हणे. वर्षं गेली, केस पिकायला लागले, तरी त्याचं 'पाहू' काही संपलं नाही. शेवटी विचारणारेच थकले.

रांधायला तो शिकला शेजारच्या शामकलाबाईकडून, आणि तेही कुंपणावरून. परक्या बाईच्या चुलीपाशी जाऊन बसणं शक्यच नव्हतं. मग कढी फुटली की हा पळीत कढी घेऊन कुडाच्या कुंपणाशी यायचा आणि हाक मारायचा. शामकलाबाई पलीकडून नाक पुढं करून वास घ्यायची आणि आच मोठी झाली, ताक आधी घुसळायला हवं होतं, असं काहीबाही सांगायची. विहिरीवर बायांच्या रांधण्याच्या गोष्टी चालल्या, की टेकचंदचे बैल हमखास तहानलेले असायचे. बैलांचं पिऊन झालं तरी मालक तिथंच उभा, कान बायांकडे लावून.

हळूहळू त्याचा हात बसला. लाखोरीचं वरण, वालाची भाजी, आंबील, सणाच्या तळलेल्या सुवाऱ्या, सगळं जमायला लागलं. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या तर अशा करी, की शामकलाबाईच कुंपणावरून वाटी पुढं करी. मात्र गावातल्या पुरुषांनी त्याला सोडलं नाही. त्यांच्या लेखी तो आचारी, 'महाराज' झाला. पारावर बसलेला बकाराम त्याला येताना पाहून मोठ्यानं विचारायचा, "का महाराज, आज का रांधलं?" टेकचंद थांबायचा आणि खरोखरच सांगायचा, की आज भाजीत चिंच थोडी जास्त पडली, उद्या गूळ घालून पाहतो. 

गिरजा बापाच्या चुलीशी बसून मोठी झाली. तिचं लग्न गोंदियाच्या शिवलालशी झालं. तो धानाच्या आडतीवर कामाला होता. नव्या घरी पहिल्यांदा तिनं कढी केली, तेव्हा सासू जमुनाबाईनं बोट चाटून विचारलं, कढी कुणी शिकवली. माय तर लहानपणीच गेली म्हणतेस. गिरजानं "बाबूजीनं" असं सांगितलं. जेवताना जमुनाबाईनं दोनदा कढी मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून कढीचं काम सुनेकडे आलं ते कायमचं.

गिरजा दोन लेकरांची आई झाली, धनलालच्या ओठावर मिसरूड आलं, तरी कोसमटोल्यात बापच रांधत होता. असाच एक पोळ्याचा सण झाला. पोळ्यानंतर काही दिवसांनी गावचा मंगरू गोंदियाच्या बाजाराला आला. गिरजाला निरोप द्यायला तो मुद्दाम घरी आला, पण आधी पाणी प्यायला, मग गुळाचा खडा खाल्ला, मग पाऊसपाण्याचं बोलला, आणि निघता निघता सहज सांगावं तसं म्हणाला, "तुये बाबूजी भाजले पोळ्याले. कढईतलं तेल उडलं पोटावर. पन वडे सारे तळूनच उठले, अर्धे सोडले नाही."

गिरजानं दुसऱ्याच दिवशी लेकरं सासूकडे ठेवली आणि शिवलालबरोबर पॅसेंजर गाडी धरली. कोसमटोल्याच्या घरात शिरली, तर बाप चुलीपुढं बसलेला. धोतरावरून पुढच्या बाजूला त्यानं धानाचं रिकामं पोतं बांधलं होतं आणि ते कमरेला दोरीनं करकचून आवळलं होतं. पोतं टरटरीत ताठ, त्यामुळं त्याला नीट वाकता येत नव्हतं. पळी उचलायची तर आधी सगळं अंग एका बाजूला कलंडवावं लागत होतं.

"बाबूजी, हे का बांधलं?" गिरजानं विचारलं.

"पोतं."

"थे दिसून राहिलं मले. काऊन बांधलं?"

"धोतर जळते. पोट त जळलंच. आता दुसरं पोट कुठून आनू?"

तिनं पोतं सोडून पाहिलं. पोटावरचे फोड बसले होते, पण कातडी लालभडक होती आणि तिथं पोत्याचा ताग घासून घासून जास्तच चिघळली होती. तिनं हळद आणि खोबरेल लावलं. तो "लाव, लाव" म्हणत बसून राहिला, आणि लावून होताच पुन्हा पोत्याकडं हात नेला. गिरजानं ते पोतं उचलून गोठ्यात टाकून दिलं. ती होती तोवर चुलीशी तीच बसली. बाप दारात उभा राहून आत पाहत होता. तिनं फोडणी टाकली की त्याचे हात आपोआप हलायचे.

परत येताना गोंदिया स्टेशनावर शिवलाल कुणा ओळखीच्याशी बोलत थांबला होता. गिरजा गाठोडं घेऊन बाजूला उभी राहिली. समोर साहेबलोकांच्या जेवणाची खोली होती. तिच्या मागच्या दारातून खानसामा बाहेर आला आणि भिंतीला टेकून बिडी ओढू लागला. त्याच्या गळ्यातून गुडघ्यापर्यंत एक पांढरं कापड लोंबत होतं. कमरेला मागून बंद होते. कापडावर पिवळे, तपकिरी डाग होते, पण आतला सदरा स्वच्छ होता. गिरजा त्याच्याकडं बघतच राहिली. शेवटी तो खानसामाच अवघडून आत निघून गेला.

घरी आल्यावर तिनं ठरवून टाकलं. त्या कापडाला काय म्हणतात हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी दुलीचंद शिंप्याचं दुकान होतं. तिनं त्याला हातवारे करून विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "बहनजी, वो तो पेशबंद है. खानसामे पहनते हैं. आपको किसके लिए चाहिए?" बापासाठी म्हटल्यावर तो हसायचा थांबला. त्यानं जमिनीवर खडूनं आकार काढून दाखवला. वर छातीपुरतं अरुंद, काखेपासून रुंद, गळ्यात अडकवायला पट्टी आणि कमरेला दोन बंद. मशीनवर शिवून देतो म्हणाला, पण गिरजाला ते स्वतःच्या हातानं करायचं होतं.

आधी तिनं मांजरपाट आणलं. दुपारची जेवणं उरकली, की ती ओसरीवर सुई घेऊन बसायची. एक बाजू शिवून झाली तेव्हा तिला शंका आली. तिनं उरलेला तुकडा वाटीच्या तोंडावर ताणून बांधला आणि त्यावर कढत तेलाचे चार थेंब सोडले. तेल क्षणात खाली उतरलं. कापड काढून पाहिलं तर वाटीच्या तळाशी तेल जमलेलं. शिवलेलं सगळं तिनं उसवलं. मग दोसुतीचं जाड कापड आणलं आणि पोटावर येईल तिथं दुहेरी घेऊन मध्ये जुन्या चादरीचा थर घातला. पुन्हा वाटी, पुन्हा तेल. या वेळी थेंब वरच राहिले आणि हळूहळू पसरले. वाटी कोरडी होती. पण तीन थरांतून सुई काढायची म्हणजे बोटं सोलून निघत. दर टाक्याला अंगठ्यानं रेटावं लागे. एवढ्या जाड कापडाला साधा धावदोरा टिकायचा नाही म्हणून तिनं सगळीकडं उलटी टीप घातली.

मापाची मोठी पंचाईत झाली. टेकचंद अंगानं भरलेला आणि शिवलाल शेवग्याच्या शेंगेसारखा. तरी घरात दुसरा पुरुष नव्हता. एका दुपारी शिवलाल जेवायला आला तेव्हा तिनं त्याला उभं केलं, पोटावर उशी बांधली आणि तिच्यावरून ते अर्धवट कापड चढवलं. शिवलाल भुकेला होता, कुरकुरत होता, पण हात वर करून उभा राहिला. तेवढ्यात जमुनाबाई आत आली. लेक उशी बांधून उभा आणि सून त्याच्याभोवती टाचण्या तोंडात धरून फिरतेय, हे पाहून ती दारातच थबकली.

सगळं समजल्यावर तिला ते पटलं नाही. बापाला धोतर द्यावं, पागोटं द्यावं, पासोडी द्यावी. चुलीपुढं घालायचं कापड कुणी देतं का? गावात काय शोभा होईल? ती म्हणाली, "लोक हासतील तुया बापाले."

गिरजानं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि ती सासूला म्हणाली, "मामीजी, लोक हासूनच राहिले इतकी वर्सं. हासल्यानं काही भाजत नाही."

जमुनाबाई आत गेली. पण दोन दिवसांनी गिरजा खिसा लावायला बसली, तेव्हा ती येऊन मागं उभी राहिली आणि खिसा पुढं का, असं विचारू लागली. पुढं तेल पडेल, बाजूला लाव, म्हणजे तंबाखूची डबी राहील. तिनं स्वतः बसून खिशाच्या कडा दुमडून दिल्या. बंदांची लांबीही तिनंच वाढवायला लावली. पुरुषाला पाठीमागं गाठ मारता येत नाही, बंद पुढं आणून पोटावर बांधता आले पाहिजेत, असं तिचं म्हणणं पडलं. ते खरंच होतं. धोतर नेसणाऱ्याचे हात पुढच्या गाठीला सरावलेले असतात.

तोवर धनलालचं लग्न ठरलं होतं. मुलगी नवेगाव बांधाकडची, नाव धनवंता. उन्हाळ्यात लग्न झालं. पाहुणे पांगल्यावर गिरजानं पेटीतून ती घडी काढली आणि बापापुढं ठेवली. टेकचंदनं कापड उलगडलं, उलटसुलट केलं, पट्टीतून हात घालून पाहिला, खिशात बोटं घातली.

"झूल आहे का?" त्यानं विचारलं. "बैलाले लहान होईन बाई."

शेजारी बसलेला धनलाल खो खो हसत सुटला. गिरजानं ते बापाच्या गळ्यात घातलं, बंद पुढं आणून बांधले आणि कशासाठी आहे ते समजावून सांगितलं. टेकचंदनं खाली पाहिलं. पोटावरून हात फिरवला. दुहेरी कापडाच्या जागी चिमटीत धरून जाडी पाहिली, टाके पाहिले.  मग त्यानं बंद सोडले, घडीवर घडी घातली आणि झूल सावित्रीबाईच्या जुन्या लाकडी पेटीत नेऊन ठेवली.

"आता सून आली घरात," तो म्हणाला. "माहं चुलीपाशी का काम?"

त्यात चुकीचं काहीच नव्हतं. रीत तशीच होती. तरी गोंदियाला परतताना गिरजा उदास होती. इतक्या दुपारी घालून केलेली वस्तू पेटीत गेली याचं वाईट वाटत होतं, की बापाचा चेहरा पाहून वाईट वाटत होतं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. शिवलालनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, बाबूजींना आवडलं.

पुढं धनलाल एकदा धान घेऊन गोंदियाच्या आडतीवर आला आणि बहिणीकडं जेवायला थांबला. त्यानं बायकोचं कौतुक केलं. कामाला वाघीण आहे, बांधीत उतरली की गड्यांना मागं टाकते. रांधण्याचं काय, असं गिरजानं विचारलं, तर तो जरा चाचरला. धनवंता चुलीपाशी बसायला कंटाळायची. भात गिचका व्हायचा, भाजीत कधी मीठ नाही तर कधी दोनदा. पण बाबूजी तक्रार करत नव्हते. जे पुढं येईल ते खात, छान झालं म्हणत आणि उठत. दिवसभर ओसरीवर दोर वळत बसत. दोर इतके झाले होते, की बांधायला तेवढी ढोरं घरात नव्हती. मधेच उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जात आणि तिथूनच परत फिरत. आणि वाळले होते. धोतराची गाठ आता आत आत जात होती.

गिरजाला चैन पडेना. आषाढ गेला, श्रावणात धानाच्या रोपांची रोवणी ऐन भरात आली, तेव्हा कामाला हात लावायच्या निमित्तानं ती माहेरी गेली. घरात कुणी नव्हतं. चुलीत निखारे होते. झाकलेल्या भगुन्यातून कढीचा वास येत होता, आणि तो वास तिच्या ओळखीचा होता. ती तशीच बांधीकडं निघाली.

पाऊस बारीक पडत होता. बांधीतल्या चिखलात बाया ओळीनं वाकून धान लावत होत्या आणि त्यांच्या पुढं, लुगडं गुडघ्यावर खोचून, धनवंता. तिचे हात इतके भराभर चालत होते, की पेंडीतली रोपं तिच्या हातून आपोआप सुटून चिखलात उभी राहताहेत असं वाटावं. गिरजा पाळीवर उभी राहून पाहत होती. तेवढ्यात बायांमधून हसण्याची लाट उठली.

दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून टेकचंद येत होता. खांद्यावर कावड, कावडीच्या एका बाजूला भाताचं टोपलं, दुसऱ्या बाजूला कढीची हंडी, डोक्यावर पावसासाठी पळसाच्या पानांचा मोरा. आणि गळ्यातून गुडघ्यापर्यंत झूल. तिच्यावर हळदीचे डाग होते, राख होती, एका बाजूला काळपट चटका होता. बंद पोटावर घट्ट बांधले होते आणि खिशात तंबाखूची डबी फुगून दिसत होती.

शेजारच्या बांधीतून बकाराम ओरडला, "महाराज, झूल बैलाले घालतेत!"

टेकचंदनं कावड उतरवली. "मंग बैलच समज मले," तो म्हणाला. "तू आधी जेवून घे. हासाले दिवस आहे पूर्न."

बकाराम हसत हसत हात धुऊन जेवायला आला. बाया धुऱ्यावर बसल्या. टेकचंद वाकून वाढत होता, आणि आता त्याला कुठंही कलंडावं लागत नव्हतं. वाढता वाढता त्याची नजर गिरजाकडं गेली. 

"आली का बाई? बस. भात गरम आहे," एवढंच म्हणाला आणि तिच्यापुढं पान मांडलं.

हे कसं घडलं ते धनवंतानं दुपारी तिला सांगितलं. सासऱ्याशी सुनेनं बोलायची पद्धत नव्हती. काही सांगायचं झालं, तर ती अंगणात बांधलेल्या वासराला सांगायची आणि ओसरीवरचा सासरा ऐकायचा. रोवणीच्या पहिल्या दिवशी पहाटे तिनं वासरापुढं कडबा टाकला आणि मोठ्यानं म्हटलं, की माह्या हाताले रोवना येते, भात येत नाही. ज्याच्या हाताले भात येते, थो दोर वळत बसला आहे. मग तिनं पेटीतली झूल काढून चुलीजवळच्या खुंटीला टांगली, चूल न पेटवताच घरातून बाहेर पडली आणि मागं वळून पाहिलं नाही. दुपारी बांधीवर जेवण येईल की नाही, याची तिला स्वतःलाच खात्री नव्हती. बायांसमोर लाज जाते की काय म्हणून ती सगळा वेळ धास्तावली होती. जेवण आलं, आणि असं आलं, की बाया तिसऱ्यांदा भात मागत होत्या. त्या दिवसापासून झूल परत पेटीत गेली नाही.

"तुले राग नाही आला का," गिरजानं तिला विचारलं, "चूल सोडा लागली म्हनून?"

धनवंता चिखलाचे हात पाण्यात खळबळत होती. ती म्हणाली, "मले काऊन येईन? मले बांधी आवडते. त्याहिले चूल आवडते. अशी भांडनाची गोष्ट त नाही हे."

संध्याकाळी पाऊस थांबला होता. टेकचंद चुलीपुढं बसून कोचईच्या पानांना बेसन लावत होता. गिरजा पाटावर बसून पानांच्या शिरा काढून देत होती. झुलीच्या खालच्या कडेची टीप एका ठिकाणी उसवली होती. तिनं सुई मागितली आणि त्याच्या अंगावरच ती शिवायला घेतली. त्याला हलू नका म्हटलं, तरी हात चालूच होते.

थोड्या वेळानं, पानावरची नजर न काढता, तो बोलायला लागला.

"तुई माय गेली, तवा मले घरात कुठंच बसवत नव्हतं. खोलीत नाही, ओसरीवर नाही. चुलीपाशी बसलो का बरं वाटे. थे इथंच कुठंतरी पीठ मळून राहिली असं वाटे. म्हनून दुसरी आनली नाही. आनली असती त तिनं मले इथून उठवलं असतं, आन तिचं काही चुकलं नसतं." त्यानं एक पान पालथं घातलं, त्यावर दुसरं ठेवलं. "मंग सून आली. मी म्हटलं, आता उठा लागन. त्याच टायमाले तू हे आनलं. आंगावर घातलं आन मनात आलं, हे आंगावर राहिलं त माह्यानं उठनं होनार नाही. म्हनून पेटीत ठेवली. तुले वाटलं असन, बाबूजीले पसंत नाही."

गिरजाला दोरा दिसेना. तिनं तो अंदाजानं दातांनी तोडला. "वाटलं," ती म्हणाली.

"पसंत आहे," टेकचंद म्हणाला. "पन एक गोष्ट आहे. धुतली का दिवसभर वाळत नाही. कापड जाड घेतलं तू. त्या दिवशी मी का घालू? अजून एक शिव."

गोंदियाला जाऊन तिनं दुसरी शिवली. या वेळी जमुनाबाईनं स्वतःच कापड निवडून आणलं, गडद रंगाचं, म्हणजे हळद दिसणार नाही. दुलीचंदनं कडेला लावायला पट्टी दिली. पुढं दर एक-दोन वर्षांनी नवी झूल कोसमटोल्याला जाऊ लागली आणि जुनीचे तुकडे गरम भांडी उतरवायला चुलीजवळ राहू लागले.

गावानं हसणं कधी सोडलं ते कुणालाच नीट सांगता आलं नसतं. बकारामच्या मुलीच्या लग्नात मोठ्या चुलाणावर कढी रांधायची होती. बोलावलेला आचारी ऐन वेळी तापानं पडला. तेव्हा बकाराम स्वतः टेकचंदकडं आला, पण दारातच उभा राहिला. टेकचंदनं खुंटीवरची झूल काढली, बंद बांधले आणि विचारलं, पाहुणे किती. त्या लग्नानंतर आजूबाजूच्या टोल्यांतूनही बोलावणी येऊ लागली. तो जायचा, रांधायचा, पाहुणचार घ्यायचा आणि परत यायचा. नवी लग्न झालेली पोरंही कधी कधी चुलीजवळ घुटमळायची, बायको बाळंतीण असली म्हणजे काय काय करावं लागतं ते विचारायची, आणि तो त्यांना जवळ बसवून सांगायचा.

धनवंताला तीन लेकरं झाली. प्रत्येक वेळी तिच्या माहेरची माणसं न्यायला आली, आणि दर वेळी ती बाळ घेऊन लवकर परतली, कारण तिकडचं जेवण तिला मानवत नव्हतं. वासराच्या आडून बोलणंही कधीतरी बंद पडलं. एकदा टेकचंदनं भाजीत मीठ घालायच्या आत तिनं "घातलं मी, घालू नका" असं घाईत सरळ सांगून टाकलं. त्यानं मिठाची चिमूट परत ठेवली आणि तो "बरं" म्हणाला.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या दिवाळीला गिरजा लेकरांना घेऊन आली. बापाला डोळ्यांनी आता कमी दिसायचं. फोडणी तडतडली की आवाजावरून आणि वासावरून तो पळी फिरवी. धनलालची मोठी पोरगी त्याच्या बाजूला बसून तेल, तिखट हातात देई. गिरजा ओसरीवर पोचली आणि चपला काढत होती, तेवढ्यात आतून आवाज आला, कोण आलं म्हणून.

"मी आहो, बाबूजी."

"शिवलालचं पोट कसं आहे?" त्यानं आतूनच विचारलं. मागच्या खेपेला जावयाचं पोट बिघडलं होतं, ते त्याच्या लक्षात होतं. बरं आहे म्हटल्यावर त्यानं पोरीला पाट मांडायला सांगितलं. गिरजा म्हणाली, आधी हातपाय धुते, मग निवांत बसते.

"धू," टेकचंद म्हणाला, "पन लवकर ये. सुवारी कढईत सोडून राहिलो मी."

गिरजानं घाईघाईनं पायावर पाणी घेतलं आणि ओल्या पायांनीच आत गेली.